मधुमेहातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विनाछेद प्रतिमाकरण आणि हृदयविकार

मधुमेहातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विनाछेद प्रतिमाकरण म्हणजे शरीरात सुई, नळी किंवा शस्त्र न घालता, मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांची चित्रे घेण्याच्या पद्धती होत. डोळ्याच्या दृष्टिपटलाचे छायाचित्रण ही यांतील सर्वांत जुनी आणि सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. दृष्टिपटल हे शरीरातील असे ठिकाण आहे की जेथे लहान रोहिण्या (धमन्या), नीला आणि केशवाहिन्या त्वचेचा अथवा स्नायूंचा आडपडदा न येता थेट पाहता येतात. याच प्रकारच्या बारीक वाहिन्या हृदयाच्या स्नायूतही असतात, परंतु तेथे त्या नजरेआड राहतात. त्यामुळे डोळ्यात दिसणाऱ्या बदलांवरून हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज बांधता येईल काय, हा गेल्या काही दशकांतील संशोधनाचा महत्त्वाचा विषय ठरला आहे.

दृष्टिपटलातील मधुमेहजन्य बदल आणि हृदयविकार यांचा संबंध अनेक मोठ्या पाहणींतून दिसून आला आहे. मात्र दृष्टिपटलाचे छायाचित्र ही हृदयविकाराची निदान-तपासणी नव्हे. ती धोक्याची सूचना आहे आणि तिचा उपयोग पुढे होणाऱ्या उपचारांवर अवलंबून असतो. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे नेत्रतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघेही दूर असतात, तेथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

## सूक्ष्म आणि स्थूल रक्तवाहिन्या

मधुमेहाच्या दीर्घकालीन गुंतागुंतींचे परंपरेने दोन गट केले जातात. दृष्टिपटल, मूत्रपिंड आणि चेतातंतू यांचे विकार सूक्ष्म वाहिन्यांच्या गटात मोडतात. तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि पायांतील रोहिण्यांचे अरुंद होणे हे स्थूल वाहिन्यांच्या गटात मोडतात. ही विभागणी अभ्यासासाठी सोयीची असली, तरी रोग तशी स्वच्छ सीमारेषा पाळत नाही.

केशवाहिनीचा व्यास साधारणतः ५ ते १० मायक्रॉन असतो, म्हणजे तांबड्या रक्तपेशीला जेमतेम वाट मिळेल एवढाच. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या मुख्य हृद्‌रोहिण्या काही मिलिमीटर जाडीच्या असतात आणि नेहमीच्या अँजिओग्राफीत त्या स्पष्ट दिसतात. परंतु अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेल्या शाखा अँजिओग्राफीत जवळजवळ दिसतच नाहीत. हृत्स्नायूला मिळणाऱ्या रक्ताचे नियमन मुख्यतः याच न दिसणाऱ्या शाखा करतात.

ही रचना कालव्याच्या उदाहरणाने समजू शकते. भोर तालुक्यातील भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून दूरवरच्या शेतांना मिळते. मुख्य कालवा काठोकाठ वाहत असला, तरी शेताकडे जाणाऱ्या चाऱ्या गाळाने बुजल्या तर पीक वाळते. त्याचप्रमाणे मुख्य हृद्‌रोहिण्या मोकळ्या असूनही सूक्ष्म वाहिन्या बिघडल्यास हृत्स्नायूला रक्त कमी पडू शकते. मुख्य रोहिणीत अडथळा नसताना छातीत दुखणे किंवा धाप लागणे यामागे अनेकदा हे कारण आढळते.

## मधुमेहात होणारे बदल

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींचे कार्य बिघडते. वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा घटक कमी पडतो. केशवाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी नष्ट होऊ लागतात आणि वाहिनीचा आधारपापुद्रा जाड होतो. साखर आणि प्रथिने यांच्या संयोगातून बनणारे पदार्थ भित्तीत साचतात. उच्च रक्तदाब, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण आणि तंबाखूचे सेवन यांमुळे या हानीत भर पडते.

दृष्टिपटलात या बदलांची चिन्हे ठराविक क्रमाने दिसतात. प्रथम केशवाहिन्यांच्या कमकुवत भित्तीला फुगे येतात. छायाचित्रात ते लहान लाल ठिपक्यांसारखे दिसतात. त्यानंतर बारीक रक्तस्राव, मेदयुक्त पिवळे डाग आणि रक्त न पोहोचलेल्या जागी कापसासारखे पांढरे ठिपके उमटतात. पुढच्या अवस्थेत नीला मण्यांच्या माळेप्रमाणे फुगीर होतात. शेवटी रक्ताच्या उणिवेला प्रतिसाद म्हणून नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होऊन किंवा दृष्टिपटल ओढले जाऊन दृष्टी जाऊ शकते. या विकारास मधुमेही दृष्टिपटलविकृती किंवा डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूला सूज आल्यास वाचन आणि चेहरे ओळखणे कठीण होते.

सुरुवातीच्या बहुतेक अवस्थांत रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. डोळ्याला स्पष्ट दिसत असल्यामुळे तपासणीची गरज भासत नाही. हृदयाच्या बाबतीतही असेच घडू शकते. मधुमेहात स्वायत्त चेतातंतूंना इजा झाल्यास हृदयाला रक्त कमी पडूनही छातीत नेहमीची कळ येत नाही. अशा वेळी थकवा, धाप, घाम किंवा मळमळ एवढीच लक्षणे असू शकतात, आणि काही वेळा तीही नसतात.

## इतिहास

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक हे उपकरण प्रसिद्धीस आणले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच नीट पाहता येऊ लागला. त्याच दशकात मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलातील बदलांची पहिली वर्णने झाली. १९३९ साली कीथ, वेगेनर आणि बार्कर या अमेरिकी वैद्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे दृष्टिपटलातील बदलांनुसार वर्गीकरण केले. त्यांत बदल जितके तीव्र, तितके रुग्णाचे आयुर्मान कमी, असे त्यांना आढळले. डोळ्याच्या तळावरून संपूर्ण शरीराच्या रक्तवाहिन्यांचे भवितव्य वर्तविण्याचा हा आरंभीचा गाजलेला प्रयत्न होय.

१९६१ साली नोव्होटनी आणि ॲल्विस यांनी फ्लुरेसिन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन दृष्टिपटलाची अँजिओग्राफी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीमुळे गळणाऱ्या आणि बंद पडलेल्या केशवाहिन्या दिसू लागल्या. परंतु तिला सुई टोचावी लागते. १९६८ सालच्या एअर्ली हाउस परिषदेत दृष्टिपटलविकृतीच्या प्रमाणित वर्गीकरणाचा पाया घातला गेला. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील गटाने ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी (ओसीटी) हे तंत्र मांडले. पुढे २०१० नंतरच्या दशकात त्याच तंत्रातून, रंगद्रव्य न टोचता केशवाहिन्यांचे जाळे दाखविणारी ओसीटी अँजिओग्राफी विकसित झाली.

## प्रतिमाकरणाच्या पद्धती

### फंडस छायाचित्रण

फंडस कॅमेरा बाहुलीतून प्रकाश आत टाकून दृष्टिपटलाचे रंगीत छायाचित्र घेतो. आधुनिक कॅमेऱ्यांना बाहुली मोठी करणारे थेंब अनेकदा लागत नाहीत आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा परिचारिका हे काम काही मिनिटांत करू शकते. हातात धरता येणारे आणि स्मार्टफोनला जोडलेले कॅमेरेही उपलब्ध आहेत. छायाचित्रावरून रक्तस्राव आणि डाग ओळखता येतात, तसेच लघुरोहिण्या आणि लघुनीला यांची रुंदी संगणकाच्या साहाय्याने मोजता येते.

### ओसीटी आणि ओसीटी अँजिओग्राफी

ओसीटीमध्ये अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाच्या थरांचा आडवा छेद दिसतो. पीतबिंदूची सूज मोजण्यासाठी ही पद्धत प्रमाण मानली जाते. ओसीटी अँजिओग्राफीत त्याच जागेची चित्रे एकापाठोपाठ एक घेतली जातात. स्थिर ऊती सर्व चित्रांत सारखीच दिसते, तर वाहणाऱ्या रक्तपेशींमुळे बदल नोंदला जातो; या फरकावरून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. केशवाहिन्यांची घनता आणि पीतबिंदूच्या मध्याशी असलेल्या वाहिनीरहित भागाचा आकार यांवरून, डोळ्यात रक्तस्राव दिसण्यापूर्वीच बदल टिपता येऊ शकतात. उपकरण महाग असल्याने ही तपासणी प्रामुख्याने शहरातील मोठ्या रुग्णालयांत होते.

### नखमूळ केशवाहिनीदर्शन आणि त्वचेवरील मापन

नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेत केशवाहिन्या पृष्ठभागाला समांतर असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. संधिवाताशी संबंधित काही विकारांत ही तपासणी नेहमीची आहे. मधुमेहात तिचा वापर मुख्यतः संशोधनापुरता आहे. लेसर डॉप्लर पद्धतीने त्वचेतील रक्तप्रवाह आणि उष्णता दिल्यावर त्यात होणारी वाढ मोजता येते.

### हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्यांचे अप्रत्यक्ष मापन

हृदयातील केशवाहिन्यांचे थेट चित्र नेहमीच्या वैद्यकीय वापरात घेता येत नाही. म्हणून त्यांची क्षमता मोजली जाते. विश्रांतीच्या वेळी आणि औषधाने वाहिन्या रुंदावल्यानंतर हृत्स्नायूला किती रक्त मिळते, याच्या गुणोत्तराला हृद्‌रोहिणी-प्रवाह राखीवता म्हणतात. ती पेट स्कॅन, हृदयाचे एमआरआय आणि काही प्रमाणात डॉप्लर इको यांद्वारे मोजता येते. या तपासण्यांत शिरेतून औषध द्यावे लागत असले, तरी हृदयापर्यंत नळी न्यावी लागत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, हृद्‌रोहिणीविकार ज्ञात नसलेल्या परंतु ही राखीवता घटलेल्या मधुमेही रुग्णांत हृदयामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, मधुमेह नसलेल्या हृद्‌रोहिणीविकाराच्या रुग्णांइतके आढळले. उलट, राखीवता चांगली असलेल्या मधुमेही रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी होते.

## दृष्टिपटल आणि हृदयविकार यांचा संबंध

अमेरिकेतील चार वसाहतींत चाललेल्या ‘अ‍ॅरिक’ या दीर्घकालीन पाहणीतून या संबंधाविषयी महत्त्वाची माहिती मिळाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, दृष्टिपटलातील लघुरोहिण्या अरुंद असणाऱ्या स्त्रियांत हृद्‌रोहिणीविकाराचा धोका अधिक होता. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. २००७ साली याच पाहणीतील सुमारे १,५०० मधुमेही व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दृष्टिपटलविकृती असलेल्यांत हृद्‌रोहिणीविकार उद्भवण्याचा धोका, ती नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट, आणि त्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. वय, रक्तदाब, साखर आणि मेद यांचा प्रभाव हिशेबात घेतल्यानंतरही हा फरक कायम राहिला.

स्त्रियांतील निष्कर्षाचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे दिले जाते की, स्त्रियांच्या हृदयविकारात सूक्ष्म वाहिन्यांचा वाटा तुलनेने मोठा असतो. अँजिओग्राफी ‘स्वच्छ’ आल्याने अशा स्त्रियांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

मूत्रातून अल्प प्रमाणात जाणारे अल्ब्युमिन हेही सूक्ष्म वाहिन्यांच्या हानीचेच चिन्ह आहे. डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ या चाचणीत हे चिन्ह असलेले दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे १६० रुग्ण निवडण्यात आले. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना साखर, रक्तदाब आणि मेद यांवर एकाच वेळी कसून उपचार, तसेच आहार, व्यायाम व धूम्रपान सोडण्याबाबत मदत देण्यात आली. सुमारे आठ वर्षांनंतर, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, या गटातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. दृष्टिपटलविकृती वाढण्याचे प्रमाणही घटले होते. सूक्ष्म वाहिन्यांचे चिन्ह ओळखून त्यावर सर्वांगीण उपचार केल्यास हृदयाचाही बचाव होतो, याचा हा ठळक पुरावा मानला जातो.

## संगणकीय वाचन

छायाचित्रे काढणे सोपे झाले, तरी ती वाचणारे तज्ज्ञ अपुरे असतात. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर शिकविलेली संगणकप्रणाली दृष्टिपटलविकृती नेत्रतज्ज्ञांच्या तोडीने ओळखू शकते, असे दाखविले. या कामात तमिळनाडू आणि कर्नाटकातील नेत्ररुग्णालयांची छायाचित्रेही वापरली होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, डॉक्टरांच्या वाचनाशिवाय निर्णय देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला परवानगी दिली.

त्याच वर्षी गूगलच्या गटाने आणखी एक निष्कर्ष मांडला. सुमारे २ लाख ८४ हजार व्यक्तींच्या माहितीवर शिकविलेली प्रणाली केवळ दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून व्यक्तीचे वय, लिंग, धूम्रपानाची सवय आणि रक्तदाब यांचा अंदाज बांधू शकत होती. पुढील पाच वर्षांत हृदयविकाराची मोठी घटना घडेल की नाही, याचा अंदाज मात्र मध्यम दर्जाचा होता आणि तो प्रचलित जोखीम-मापनाच्या आसपासच राहिला. ज्या लोकसंख्येच्या छायाचित्रांवर प्रणाली शिकविली, तिच्याहून वेगळ्या लोकांत ती तितकीच अचूक ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

## भारत आणि पुणे जिल्हा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह, तर १५.३ टक्के लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज आहे. मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. ३५.५ टक्के प्रौढांत उच्च रक्तदाब होता. मधुमेही भारतीयांतील दृष्टिपटलविकृतीचे प्रमाण निरनिराळ्या पाहणींत साधारणपणे १२ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान नोंदले गेले आहे.

भारतीयांच्या मधुमेहाचे स्वरूप समजण्यात पुण्यातील संशोधनाचा मोठा वाटा आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषण अभ्यास सुरू केला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बालके लहान आणि स्नायूंनी किरकोळ असली, तरी त्यांच्या शरीरातील मेद तितक्या प्रमाणात कमी नव्हता. या शरीररचनेला ‘कृश-मेदयुक्त’ भारतीय असे म्हटले जाते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिक यांच्यात दुपटीहून अधिक होते. हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते.

या निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ असा की, सडपातळ दिसणाऱ्या, शेतात कष्ट करणाऱ्या व्यक्तीलाही मधुमेह असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ बॉडी मास इंडेक्स इतकी धरली जाते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह अनेकदा वर्षानुवर्षे निदानाविना राहतो. निदान होईपर्यंत काही रुग्णांच्या दृष्टिपटलात बदल सुरूही झालेले असतात.

## भोर आणि वेल्हे तालुके

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील, सह्याद्रीच्या रांगांत वसलेले तालुके आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. राजगड आणि तोरणा हे किल्ले तसेच पानशेत व वरसगाव ही धरणे याच तालुक्यात आहेत. भोर तालुक्यात भाटघर आणि नीरा देवघर ही धरणे असून वरंध घाटातून कोकणात उतरणारा रस्ता याच तालुक्यातून जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत विरळ वस्तीच्या तालुक्यांपैकी एक आहे.

दोन्ही तालुक्यांच्या पूर्व भागाला पुणे–सातारा महामार्गाचे सान्निध्य आहे. नसरापूर आणि कापूरहोळ परिसरातून पुण्यास जाणे तुलनेने सोपे आहे. पश्चिमेकडील खोऱ्यांत मात्र वाड्या-वस्त्या डोंगरउतारावर आणि धरणांच्या पाणलोटाभोवती विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात पाऊस प्रचंड असतो आणि भातलावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हाताची शेतात गरज असते. अनेक घरांतील तरुण माणसे कामासाठी पुण्या-मुंबईस असल्याने गावात राहणाऱ्यांत वृद्धांचा भरणा असतो. ज्याला स्पष्ट दिसते आणि छातीत काही दुखत नाही, अशा वृद्धाने केवळ डोळ्याच्या तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी आणि सोबत्याचा वेळ खर्च करून शहरात जावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही.

अशा भूभागासाठी ‘रुग्ण नव्हे, छायाचित्र प्रवास करते’ ही पद्धत उपयुक्त ठरते. डोंगराळ भागात दर २० हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दर ३ हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र असा शासकीय निकष आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली, जो २०१० साली सुरू झाला, ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासणी केली जाते. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन जोखमीच्या व्यक्तींची यादी करतात. याच तपासणीच्या दिवशी हातातील फंडस कॅमेऱ्याने छायाचित्र घेतल्यास रुग्णाची वेगळी फेरी वाचते. मोबाइलचे जाळे नसलेल्या खोऱ्यात छायाचित्र उपकरणात साठवून, जाळे मिळताच तज्ज्ञाकडे पाठविता येते. यासाठी रुग्ण आणि तज्ज्ञ एकाच वेळी समोर असण्याची आवश्यकता नसते. २०१९ पासून सुरू झालेल्या ई-संजीवनी या शासकीय दूरसल्ला सेवेमुळे आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सोय झाली आहे.

पुढील उपचारांची साखळी मात्र शहरापर्यंत जाते. दृष्टिपटलावरील लेसर, डोळ्यातील इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय किंवा पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय यांसारख्या संस्थांत होतात. याउलट, हृदयाच्या बचावासाठी लागणारी बहुतेक औषधे, म्हणजे मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्टॅटिन, ही जेनेरिक स्वरूपात स्वस्त असून प्राथमिक स्तरावर देता येण्याजोगी आहेत. त्यामुळे छायाचित्रात सौम्य बदल आढळलेल्या व्यक्तीच्या उपचारांचा मोठा भाग गावाजवळच होऊ शकतो. शहरात पाठविण्याची गरज प्रामुख्याने दृष्टीला धोका असलेल्या अथवा हृदयविकाराची लक्षणे असलेल्या रुग्णांनाच असते.

## तपासणी आणि त्यापुढील कार्यवाही

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांच्या आत दृष्टिपटलाची पहिली तपासणी करावी, आणि त्यानंतर साधारणपणे वर्षातून एकदा ती करावी, असे मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. मधुमेही स्त्री गरोदर राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांत तपासणी आवश्यक असते, कारण गरोदरपणात विकृती वेगाने वाढू शकते.

दृष्टिपटलात बदल आढळल्यास पुढील गोष्टींचा विचार केला जातो :

* विकृतीची तीव्रता ठरवून नेत्रतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, याचा निर्णय.
* रक्तदाब, मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणारी एचबीए१सी तपासणी, रक्तातील मेद आणि मूत्रातील अल्ब्युमिन यांचे मापन.
* तंबाखू आणि मिश्रीसह सर्व प्रकारच्या सेवनाची चौकशी व ते सोडण्यासाठी मदत.
* स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या औषधांची आवश्यकता. हृदय किंवा मूत्रपिंड बाधित असल्यास त्यांचे रक्षण करणाऱ्या मधुमेहाच्या नव्या औषधांचा विचार.
* धाप, थकवा, पायांवर सूज किंवा छातीत जडपणा यांविषयी नेमकी विचारणा. लक्षणे असल्यास ईसीजी आणि इको तपासणी.
* पायांतील संवेदना आणि नाडीची तपासणी.

ब्रिटनमधील यूकेपीडीएस या पाहणीच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, एचबीए१सी एक टक्का-अंकाने कमी असण्याशी सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांतील ३७ टक्के आणि हृदयविकाराच्या झटक्यातील १४ टक्के घट निगडित होती. म्हणजे साखरेच्या नियंत्रणाचा लाभ डोळ्याला मोठा, तर हृदयाला तुलनेने कमी मिळतो. हृदयासाठी रक्तदाब, मेद आणि तंबाखू यांकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. साखर फार झपाट्याने उतरविल्यास काही रुग्णांत दृष्टिपटलविकृती काही काळ वाढते. म्हणून आधीच तीव्र विकृती असलेल्यांत उपचार वाढविताना डोळ्यांवर लक्ष ठेवले जाते.

## मर्यादा आणि मतभेद

दृष्टिपटल निरोगी दिसले म्हणजे हृदयही निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. मुख्य हृद्‌रोहिणीतील मेदाचा थर फुटून येणारा झटका सूक्ष्म वाहिन्या सुस्थितीत असतानाही येऊ शकतो. याउलट, दृष्टिपटलात बदल असलेल्या प्रत्येकाच्या हृद्‌रोहिणीत अडथळा असतोच असे नाही. उच्च रक्तदाब, रक्तक्षय आणि काही रक्तविकारांतही दृष्टिपटलात रक्तस्राव दिसू शकतात.

छायाचित्राची गुणवत्ता हीदेखील अडचण ठरते. ग्रामीण भागातील वृद्धांत मोतीबिंदूचे प्रमाण मोठे असल्याने चित्र धूसर येते. अशा व्यक्तीची तपासणी ‘निर्दोष’ न धरता, तिला नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे अपेक्षित असते.

लक्षणे नसलेल्या सर्वच मधुमेही व्यक्तींच्या हृदयाची थेट तपासणी करावी काय, याविषयी पूर्वी मतभेद होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायड’ या चाचणीत १,१२३ लक्षणविरहित मधुमेही व्यक्तींपैकी निम्म्यांच्या हृत्स्नायूच्या रक्तपुरवठ्याचे स्कॅन करण्यात आले; तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. २०१४ साली सीटी अँजिओग्राफीबाबतच्या एका चाचणीतूनही असाच निष्कर्ष निघाला. दोन्ही चाचण्यांत सर्वच सहभागींना चांगले औषधोपचार मिळत होते, हे त्यामागील एक कारण मानले जाते. त्यामुळे लक्षणे नसलेल्यांचे सरसकट हृदय-स्कॅन करण्याची शिफारस केली जात नाही.

डोळ्याच्या छायाचित्राची स्थिती याहून थोडी वेगळी आहे. ते दृष्टी वाचविण्यासाठी मुळातच आवश्यक असते आणि हृदयाच्या धोक्याची सूचना त्याच चित्रातून वेगळ्या खर्चाविना मिळते. ती सूचना रुग्णाच्या केसपेपरवर नोंदली गेली, तिच्या आधारे रक्तदाब मोजला गेला आणि औषधे नियमित मिळत राहिली, तरच तिचा हृदयाला उपयोग होतो.